वीस मिनिटांचे हॉलिवूड

१९३१ साली अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम वस्तीच्या गावात सिनेमाचे तिकीट काढून बसलेल्या माणसाला मुख्य चित्रपट लगेच बघायला मिळत नसे. आधी बातमीपट, मग एखादे कार्टून, कधी एखादा गाण्याबजावण्याचा तुकडा आणि जवळजवळ हमखास एक दोन रिळांचे प्रहसन. बोलपटाच्या वेगाने हजार फुटांचे एक रीळ अकराएक मिनिटांत संपते, म्हणजे दोन रिळांचा खेळ साधारण वीस मिनिटांचा. या वीस मिनिटांसाठी कोणी मुद्दाम घराबाहेर पडत नसे, दुसऱ्या दिवशी त्याविषयी वर्तमानपत्रात रकाने भरून येत नसत आणि त्यात कोणी काम केले हे घरी जाईपर्यंत लक्षात राहत नसे. अशी प्रहसने घाऊक भावात पुरवणाऱ्या एका कंपनीचे नाव ‘एज्युकेशनल पिक्चर्स’. अर्ल हॅमन्स या गृहस्थाने शाळांना शैक्षणिक चित्रपट पुरवावेत म्हणून ती काढली होती. शाळांकडून पैसा येईना तेव्हा तो हसवणुकीकडे वळला. नाव आणि अल्लाउद्दिनच्या दिव्याचे बोधचिन्ह मात्र तसेच राहिले. कंपनीच्या जाहिरातीतले ब्रीद होते, आम्ही म्हणजे कार्यक्रमाचा मसाला. आपण जेवण नाही याची तिला पक्की जाणीव होती.

या मसाल्याच्या डब्यात १९३१ आणि १९३२ साली एक छोटीशी मालिका सापडते. ‘थ्री हॉलिवूड गर्ल्स’, ‘क्रॅशिंग हॉलिवूड’, मग ‘हॉलिवूड लाइट्स’ आणि ‘हॉलिवूड लक’. सगळ्यांचा विषय एकच. नटी व्हायला आलेल्या मुली, त्यांची एकमेकींना धरून चाललेली धडपड, स्टुडिओत शिरण्याच्या युक्त्या, आणि त्या युक्त्यांचा होणारा बोजवारा. दिग्दर्शक म्हणून नाव येते विल्यम गुडरिच. या नावाचा दिग्दर्शक हॉलिवूडमध्ये नव्हता. ते नाव घेऊन काम करत होता रॉस्को आर्बकल, दहा वर्षांपूर्वी जगातल्या सर्वांत लोकप्रिय विनोदी नटांपैकी एक असलेला आणि त्यानंतर पडद्यावरून हाकलला गेलेला माणूस.

पुढील पानांत या लघुपटांची आणि त्यांच्या आगेमागे तयार झालेल्या अशाच काही चित्रांची ओळख आहे. ती वाचण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. सिनेमाच्या धंद्याने स्वतःची थट्टा अनेकदा केली आहे. पण ती बहुधा आत बसलेल्यांनी, सुखरूप झाल्यावर केलेली थट्टा असते. इथे तसे नाही. दिग्दर्शकाला दार बंद होते. पडद्यावरच्या मुली दार ठोठावत होत्या. कंपनी धंद्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर होती. प्रवेश मिळवण्याच्या खटाटोपावरचा हा विनोद ज्यांना प्रवेश मिळालेला नव्हता त्यांनीच केला. या चित्रांचे मोल मुख्यतः त्यात आहे.

दाराशी गर्दी का जमली, हे आधी पाहू. १९२०च्या दशकात हॉलिवूडच्या चेंबर ऑफ कॉमर्सने मासिकांमधून एक अजब जाहिरात दिली. एखाद्या शहराचा व्यापारी संघ बाहेरच्यांना ‘या’ म्हणतो. हा ‘येऊ नका’ म्हणत होता. नीट खात्रीची माहिती काढल्याशिवाय सिनेमात शिरायला इकडे निघू नका, कारण या शिडीच्या तळाशी उभ्या राहिलेल्या एक लाख लोकांपैकी वर पोहोचले फक्त पाच, असा त्या जाहिरातीचा आशय होता. जाहिरातीने गर्दी हटली नाही. ज्या मासिकात ही सूचना छापली जाई, त्याच मासिकात पुढच्या पानावर एखाद्या गावातल्या दुकानात काम करणाऱ्या मुलीचे नशीब कसे फळफळले याची सचित्र कहाणी असे. वाचणारी मुलगी त्या लाखातली होणार नसते, ती पाचातली होणार असते. गणिताने अशा इच्छा मरत नाहीत.

आलेल्या मुली उतरत कुठे? भाड्याच्या खोल्यांत, दोघी-तिघी मिळून. नशीब बरे असेल तर हॉलिवूड स्टुडिओ क्लबात. वायडब्ल्यूसीए या संस्थेने सिनेमात काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मुलींसाठी १९१६ पासून चालवलेले ते वसतिगृह होते. १९२६ साली ज्युलिया मॉर्गन या वास्तुविशारद बाईंनी त्याची लोडी प्लेसवरची देखणी नवी इमारत बांधली. मुलींनी सुरक्षित राहावे हा हेतू तर होताच, शिवाय हॉलिवूडच्या बदनामीला उत्तर म्हणून दाखवायला ती चांगली जागा होती.

आणि काम? एक्स्ट्रा म्हणून उभे राहायचे काम मिळवण्याची पद्धत १९२५ पर्यंत अशी होती की खासगी एजंट मुलींकडूनच पैसे घेत, कामाचा भरवसा मात्र देत नसत. तक्रारी वाढल्या, चौकशी झाली आणि निर्मात्यांच्या संघटनेने ‘सेंट्रल कास्टिंग’ ही कचेरी काढली. आता दलाली द्यावी लागत नसे. नाव नोंदवायचे आणि रोज फोन करायचा. संध्याकाळी स्विचबोर्डवर फोनांचा नुसता मारा होई. फोन करणारी आपले नाव सांगे, ऑपरेटर ते मोठ्याने उच्चारी, आणि आतल्या बाजूला उद्याच्या चित्रीकरणाची यादी घेऊन बसलेल्या माणसाला ते नाव लागले तर काम पक्के. बहुतेक वेळा उत्तर यायचे, काम नाही, आणि पुढचा फोन. नाव सांगून नकार ऐकेपर्यंत काही सेकंद लागत. काम लागले तर दिवसाचे साडेसात डॉलर, चांगले कपडे जवळ असतील तर थोडे जास्त. म्हणून मैत्रिणी एकमेकींना संध्याकाळचे झगे उसने देत. प्रहसनांत दिसणारी कपड्यांची अदलाबदल आणि एका खोलीत तिघींची दाटी यांची मुळे अशी रोजच्या व्यवहारात आहेत. पटकथाकाराला फार कल्पनाशक्ती लढवावी लागली नसेल.

त्यात बोलपट आला. १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ झळकला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळा धंदा उलटापालटा झाला. काल ज्यांच्या चेहऱ्याला किंमत होती त्यांच्या आवाजाची परीक्षा सुरू झाली. दुसरीकडे, गाऊ-नाचू-बोलू शकणाऱ्या अनोळखी मुलींना एकदम भाव आला. १९२९ आणि १९३० या दोन वर्षांत गाण्यानाचांच्या चित्रपटांचा असा पूर आला की स्टुडिओंना नाचणाऱ्यांचे ताफेच्या ताफे लागले. पूर्वी फक्त गोऱ्यागोमट्या दिसणाऱ्या मुली येत, आता नृत्यशाळेत चार वर्षे घातलेल्या आणि गावच्या नाटकगृहात गायलेल्याही गाडीत बसल्या. अडचण अशी झाली की प्रेक्षक या पुराला लवकरच कंटाळले. १९३० संपता संपता संगीतपट पडू लागले, तयार चित्रांतली गाणी कापून ती साधी नाटके म्हणून दाखवण्यापर्यंत पाळी आली आणि ताफे मोडले. बाहेर महामंदी होती, घरी परतावे तर तिथेही काम नव्हते. १९३१ च्या प्रहसनातली नटी व्हायला आलेली मुलगी आली आहे ती तेजी ओसरल्यावर. तिला ते ठाऊक नाही, प्रेक्षकाला ठाऊक आहे. निम्मा विनोद तिथेच तयार होतो.

या विषयावरची ही प्रहसने काही पहिलीच चित्रे नव्हेत. १९२३ च्या ‘द एक्स्ट्रा गर्ल’मध्ये मेबल नॉर्मंडने गावाकडची मुलगी रंगवली होती. तिच्या नावाने भलतीचाच फोटो स्पर्धेला जातो, ती हॉलिवूडला पोहोचते आणि तिला नोकरी मिळते ती कपडेपटात. १९२६ च्या ‘एला सिंडर्स’मध्ये कॉलीन मूरचा वेडावाकडा फोटो चुकून स्पर्धा जिंकतो आणि स्पर्धाच बनावट निघते. १९२८ च्या ‘शो पीपल’मध्ये मॅरियन डेव्हिस मोठ्या शोकांतिका करायच्या म्हणून जॉर्जियाहून येते आणि तिच्या तोंडावर सोडावॉटरचा फवारा बसतो. १९३० साली बस्टर कीटनच्या ‘फ्री अँड ईझी’त कॅन्ससच्या एका गावची सौंदर्यस्पर्धा जिंकलेली मुलगी आईला घेऊन येते. हे सगळे पूर्ण लांबीचे चित्रपट. त्यांच्यात मुलगी शेवटी कुठेतरी पोहोचते, तारका तरी होते नाहीतर संसाराला लागते. दोन रिळांत एवढा प्रवास मावत नाही. वीस मिनिटांत कोणी तारका झाली असे दाखवले तर ते खोटे वाटणार. त्यामुळे प्रहसन दाराच्या चौकटीतच घडते. आत घुसायचे, बाहेर फेकले जायचे, पुन्हा घुसायचे. आणि गंमत अशी की मोठ्या चित्रपटांपेक्षा हीच गोष्ट वस्तुस्थितीला जास्त धरून आहे.

आवाजाने या विनोदाचे अंगच बदलले. मूकपटांच्या काळात कॅमेरा थोडा हळू चालवायचा आणि पडद्यावर वेगाने दाखवायचे ही युक्ती सर्रास चाले. धावाधाव, धडपड, पडणे यांना त्यातून एक अमानवी चपळाई येई. आवाजासाठी वेग सेकंदाला चोवीस चौकटी असा ठरून गेला आणि माणूस पडद्यावर माणसाच्याच गतीने पळू लागला. तो पडला की आता लागल्यासारखे वाटे. शिवाय चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शकाने ओरडून सूचना द्यायच्या, हा केवढा आधार होता! मायक्रोफोनने तोही काढून घेतला. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत तर कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून तो आणि तो चालवणारा दोघांनाही एका बंद, गुदमरवणाऱ्या खोक्यात कोंडत. १९३१ पर्यंत ती खोकी गेली होती, पण कॅमेरा बुजलेला तो बुजलेलाच राहिला होता.

आणखी एक नाजूक अडचण होती. रंगभूमीवरचा नट प्रेक्षक हसले की थांबतो, हसू ओसरले की पुढचे वाक्य टाकतो. पडद्यावरच्या नटाला समोरचे हसू ऐकू येत नाही. पुढचे वाक्य लगेच आले तर हशात बुडते, थांबून आले आणि कोणी हसलेच नाही तर ती पोकळी जीवघेणी होते. या काळातली प्रहसने बघताना वाक्यावाक्यांमध्ये चमत्कारिक थांबे जाणवतात. नटी बोलते आणि क्षणभर नुसती बघत राहते. तो तिचा दोष नाही. ती रिकाम्या स्टुडिओत उभी राहून एका न आलेल्या हशाची वाट बघते आहे. आज एकट्याने संगणकावर बघणाऱ्याला ते थांबे लांबलचक वाटतील. चारशे लोकांच्या थिएटरात त्यांची मापे ठरली होती, हे लक्षात ठेवावे.

या सगळ्यात मुलींचा मात्र एक फायदा झाला. मूक प्रहसनात तरुण मुलगी बहुतेक वेळा शोभेला असे. पुरुष पडायचा, ती डोळे विस्फारायची. बोलपटाने तिच्या तोंडी वाक्य दिले. तिघींपैकी एक भाबडी, एक व्यवहारी आणि एक फटकळ, अशी वाटणी या काळात रूढ झाली. फटकळ मुलीचा एक टोला आता पूर्वीच्या क्रीमच्या केकचे काम करू लागला. पुढे ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’सारख्या संगीतपटांत आणि १९३७ च्या ‘स्टेज डोअर’मध्ये या फटकळ मैत्रिणींच्या घोळक्याला झळाळी आली. या तऱ्हेची कच्ची तालीम ज्या चित्रांत झाली, त्यांत ही स्वस्तातली दोन रिळेही मोडतात.

आता दिग्दर्शकाकडे वळू. आर्बकल १८८७ साली कॅन्ससमध्ये जन्मला. १९१३ पासून मॅक सेनेटच्या कीस्टोन कंपनीत तो चमकला. तीनशे पौंडांच्या आसपासचा देह आणि त्यात नर्तकाचा हलकेपणा, असा तो अजब योग होता. दोन्ही हातांनी दोन दिशांना एकाच वेळी केक भिरकावून दोन्ही नेम साधणे ही त्याची खासियत. १९१७ साली बस्टर कीटनला पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभे केले ते त्यानेच. लोक त्याला ‘फॅटी’ म्हणत, त्याला ते नाव आवडत नसे. १९२१ पर्यंत त्याची कमाई वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरात गेल्याचे बोलले जाई.

त्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलात त्याने दिलेल्या मेजवानीत व्हर्जिनिया रॅप ही तिशीतली तरुणी आजारी पडली आणि चार दिवसांनी वारली. आर्बकलवर मनुष्यवधाचा खटला झाला. पहिल्या दोन वेळा ज्यूरीचे एकमत होईना. तिसऱ्यांदा, १२ एप्रिल १९२२ रोजी, ज्यूरीने काही मिनिटांत त्याला निर्दोष ठरवले आणि वर लेखी माफीही मागितली. त्यानंतर सहाच दिवसांनी निर्मात्यांच्या नव्या संघटनेचा प्रमुख विल हेज याने त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. वर्ष संपायच्या आत बंदी कागदावर उठली, व्यवहारात कधी उठली नाही. त्याचा चेहरा दाखवायला कोणी धजेना. तेव्हा तो कॅमेऱ्यामागे गेला आणि वडिलांच्या नावातले विल्यम गुडरिच हे दोन शब्द त्याने स्वतःला लावले. त्या नावाने त्याने एज्युकेशनलसाठी ढीगभर लघुपट केले. १९२७ साली मॅरियन डेव्हिसचा ‘द रेड मिल’ आणि एडी कँटरचा ‘स्पेशल डिलिव्हरी’ असे दोन मोठे चित्रपटही केले. गुडरिच कोण हे हॉलिवूडमध्ये सगळ्यांना ठाऊक होते. बुरखा प्रेक्षकांसाठी होता.

आर्बकलवरचे लिखाण साधारणपणे इथे थांबते, एका निर्दोष माणसाची शोकांतिका म्हणून. त्यात तथ्य आहे. पण या प्रहसनांचा विचार करताना दुसरे नावही डोळ्यांआड करता येत नाही. व्हर्जिनिया रॅप शिकागोत मॉडेल म्हणून काम करी, कपड्यांची डिझाइनेही करी, आणि मग सिनेमात काम मिळवण्यासाठी कॅलिफोर्नियाला आली होती. काही लहान भूमिका तिला मिळाल्या होत्या, मोठी मिळायची होती. म्हणजे या प्रहसनांत ज्या मुलींवर आपण हसतो त्यांच्यापैकीच ती एक. खटल्याच्या दिवसांत वर्तमानपत्रांनी तिची आधी पवित्र बळी म्हणून पूजा केली आणि मग बचाव पक्षाच्या मार्गाने तिच्या चारित्र्याची लक्तरे काढली. आर्बकलला उशिरा का होईना, माफीचा कागद मिळाला. तिच्या वाट्याला तेवढेही आले नाही. दहा वर्षांनी तोच माणूस, चोरून घेतलेल्या नावाखाली, नटी व्हायला आलेल्या मुलींची हलकीफुलकी चित्रे काढत बसला होता. त्याच्या मनात काय येत असेल याविषयी कादंबरी लिहिण्याचा मोह मी टाळतो. चित्रांत त्याचा मागमूसही नाही, एवढे मात्र सांगता येते. धंद्याला विषय हवा होता, तो खपत होता, गुडरिचने तो वेळेवर पोहोचवला. विल हेज यांच्या संघटनेची हॉलिवूडमधली कचेरी आणि सेंट्रल कास्टिंगचा स्विचबोर्ड ही दोन्ही हॉलिवूड बुलेव्हार्ड आणि वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या एकाच इमारतीत होती, या योगायोगावरही फार भाष्य करायची गरज नाही. दिग्दर्शकाला ‘नाही’ म्हणणारी संघटना आणि मुलींना ‘काम नाही’ म्हणणारा फोन एका छपराखाली नांदत होते.

पडद्यावरच्या मुलींचे पुढे काय झाले? ‘थ्री हॉलिवूड गर्ल्स’मध्ये रीटा फ्लिन, फिलिस क्रेन आणि लिओटा लेन. ‘क्रॅशिंग हॉलिवूड’मध्ये पहिल्या दोघी त्याच, तिसऱ्या जागी व्हर्जिनिया ब्रुक्स. त्रिकूट कायम, त्यातली मुलगी बदलता येण्याजोगी. पडद्यावरची गोष्ट जे सांगते तेच श्रेयनामावलीही सांगते.

लिओटा ही आयोवातून आलेल्या लेन भगिनींपैकी एक. तिच्या बहिणी लोला, रोझमेरी आणि प्रिसिला पुढे नावारूपाला आल्या. १९३८ साली वॉर्नर ब्रदर्सने ‘फोर डॉटर्स’ काढायचे ठरवले. चार बहिणींची गोष्ट, आणि हाताशी खऱ्या बहिणी. लिओटाचीही चाचणी झाली. तीन बहिणींच्या भूमिका लोला, रोझमेरी आणि प्रिसिलाला मिळाल्या, चौथी बहीण म्हणून घेतली गेल पेज या परक्या मुलीला. आपल्याच बहिणींची बहीण होण्याच्या परीक्षेत लिओटा नापास झाली. एज्युकेशनलच्या लेखकाला हा प्रसंग सुचला असता तर निर्मात्याने तो ‘फारच झाले’ म्हणून काढून टाकला असता. फिलिस क्रेन मोठ्या चित्रपटांच्या पहिल्या रांगेत गेली नाही. थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाच्या काही लघुपटांत ती दिसते, म्हणजे दोन रिळांतून निघून दोन रिळांतच राहिली.

आणि एकीला दार उघडले. या काळात आर्बकलच्या हाताखाली फ्रान्सिस डीन या नावाने एक मुलगी काम करत होती. तिचे खरे नाव बेटी ग्रेबल. जन्म डिसेंबर १९१६, गाव सेंट लुइस. मुलीला तारका करायचीच या जिद्दीने आईने तिला कॅलिफोर्नियाला आणले होते. वय कमी असल्याचे उघड झाल्यावर फॉक्स स्टुडिओने तिला काढले होते, १९३० च्या ‘व्हूपी!’मध्ये ती नाचणाऱ्यांच्या ताफ्यात होती. आर्बकलच्या प्रहसनांत ती जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची आहे. त्यानंतर तिला जवळजवळ दहा वर्षे लागली. १९४३ सालचे, खांद्यावरून मागे वळून बघणारे तिचे छायाचित्र दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या बराकींत सर्वत्र लागले आणि काढून टाकणाऱ्या त्याच फॉक्सची ती सर्वांत मोठी तारका झाली. तिच्यामुळे आज ही प्रहसने शोधली जातात. पण तिच्या उदाहरणावरून बाकीच्यांचा हिशेब मांडणे म्हणजे त्या जाहिरातीतले पाच जण मोजून उरलेले लाख विसरणे.

१९३१ सालीच आर्बकलने केलेला ‘विंडी रायली गोज हॉलिवूड’ हा लघुपट मालिकेत बसत नाही, तरी त्याला या पुस्तकात जागा दिली आहे. त्यात एक बढाईखोर इसम स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यात घुसून घोळ घालतो आणि त्याचा फटका बसणाऱ्या नटीच्या भूमिकेत आहे लुईज ब्रुक्स. दोनच वर्षांपूर्वी ती बर्लिनमध्ये दिग्दर्शक पाब्स्टच्या ‘पँडोराज बॉक्स’ची नायिका होती. त्यानंतर पॅरिसमध्ये तिने ‘प्री द बोते’ केला. सौंदर्यस्पर्धा जिंकून सिनेमात जाऊ पाहणाऱ्या टायपिस्टची ती गोष्ट. त्यात नवरा मत्सराने तिला गोळी घालतो आणि ती मरत असताना समोरच्या पडद्यावर तिचीच चाचणी गात असते. हॉलिवूडला परतली तेव्हा तिचे नाव मोठ्या स्टुडिओंच्या मनातून उतरले होते. मूक म्हणून चित्रित झालेल्या ‘द कॅनरी मर्डर केस’ला आवाज द्यायला परत यायचे तिने नाकारले होते आणि त्या अवज्ञेची किंमत ती मोजत होती. एकाच विषयाची शोकांतिका १९३० मध्ये आणि प्रहसन १९३१ मध्ये, दोन्हींत तीच नटी. पहिल्यात ती मृत्यूतही झळकते. दुसऱ्यात ती कॅमेऱ्यासमोर केवळ हजर आहे. पुढे आठवण सांगताना ती म्हणाली होती की आर्बकल दिग्दर्शन म्हणून काही करीतच नसे, खुर्चीत गप्प बसून असे, जिवंतपणी मेलेल्यासारखा. एके काळचा तो किती सुरेख नाचणारा, हेही तिला आठवत होते.

मराठी वाचकाने या सगळ्यात का रमावे? एक कारण इतिहासाचे आहे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना आणि उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई तयार झाल्या, पण पुढे कितीतरी वर्षे ‘घरंदाज बाई आणि सिनेमा’ हे शब्द एकत्र उच्चारायला लोक कचरत. दुर्गा खोटे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये आल्या तेव्हा त्यांचे येणे हीच मोठी बातमी होती. म्हणजे ज्या काळात मुंबई-कोल्हापूरचे निर्माते नायिका शोधत फिरत होते, त्याच काळात हॉलिवूड मुलींना ‘येऊ नका’ म्हणून जाहिराती देत होते. एकीकडे दाराशी कोणी नाही, दुसरीकडे दार मोडेल इतकी गर्दी. आपल्या सिनेमाने नटी होऊ पाहणाऱ्या मुलीकडे सुरुवातीपासून अब्रूचा प्रश्न म्हणून पाहिले, तिकडे तो बाजारभावाचा प्रश्न होता. त्यामुळे तिच्यावरची आपली गोष्ट गंभीर होत गेली आणि त्यांची गोष्ट विनोदी होऊ शकली. आज अंधेरी-वर्सोव्याच्या आरामनगरात एका ऑडिशनमधून दुसरीकडे जाणाऱ्या, तिघी मिळून एक खोली घेणाऱ्या मुली पाहिल्या की आता आपण कोणत्या गोष्टीच्या जवळ आलो आहोत हे सांगावे लागत नाही.

दुसरे कारण कारागिरीचे. ही चित्रे थोर नाहीत, तसे भासवण्याचा प्रयत्नही पुढे कुठे केलेला नाही. नेपथ्य काटकसरीचे, कॅमेरा आळशी, कित्येक विनोद तेव्हाही शिळे. पण एक मोठा कारागीर हात आखडून काम करतो तेव्हा काय उरते, हे त्यांत दिसते. स्वतः पडद्यावर असता तर तो ज्या जागी पडला असता, गिरकी घेतली असती, त्या जागा रिकाम्या दिसतात. त्याच्याकडून अंगविक्षेप गेला, वेग गेला, चेहरा गेला. दृश्याची मांडणी तेवढी राहिली, आणि ती अजून शाबूत आहे. कोणी कुठून यावे, कोणाची पाठ कधी वळावी, घोळ वाढत वाढत कोणत्या क्षणी फुटावा, हे त्याला झोपेतही चुकले नसते.

चित्रांचे आणि चित्रकर्त्याचे पुढचे थोडक्यात सांगतो. १९३१ मध्ये ‘फोटोप्ले’ मासिकाने आर्बकलचे म्हणणे छापले. मला फक्त काम करू द्या, एवढेच ते होते. पुढच्या वर्षी वॉर्नर ब्रदर्सने ते मान्य केले. ब्रुकलिनच्या स्टुडिओत त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने सहा बोलके लघुपट केले. पूर्ण लांबीच्या चित्रपटाचे बोलणेही पक्के झाले. २९ जून १९३३ च्या पहाटे झोपेत हृदयविकाराने तो गेला, वय ४६. त्याला दार उघडले ते इतके उशिरा. एज्युकेशनल कंपनी १९३८ पर्यंत तग धरून होती. एका तिकिटात दोन चित्रपट देण्याची मंदीतली प्रथा रुळल्यावर मसाल्याला कार्यक्रमात जागाच उरली नाही. १९३७ साली न्यू जर्सीत लिट्ल फेरी इथे फॉक्सच्या फिल्मगोदामाला लागलेल्या आगीत तिच्या मूकपटांच्या कितीतरी निगेटिव्ह जळाल्या.

चित्रे बघताना वाचकांनी एक पथ्य पाळावे, अशी विनंती आहे. या मुलींची कीव करू नये. नव्वद वर्षांनंतर कीव करणे सोपे आहे, आणि तिच्यात आपला मोठेपणा लपलेला असतो. प्रहसन त्यांची कीव करत नाही. ते त्यांना मूर्ख ठरवते, लबाड ठरवते, भांडवते, पाडते, पण त्यांची इच्छा हास्यास्पद आहे असे एकदाही म्हणत नाही. म्हणणार कसे? लेखकापासून नाचणारीपर्यंत त्या सेटवरचा प्रत्येक जण त्याच इच्छेवर जगत होता, आणि खुर्चीत गप्प बसलेला दिग्दर्शक सर्वांत जास्त. हॉलिवूडने पुढे स्वतःवर भव्य चित्रपट काढले, त्यांत अश्रू होते, संगीत होते, पुतळ्यांसारख्या नायिका होत्या. दाराबाहेर उभे राहून केलेली ही वीस मिनिटांची थट्टा त्यांच्यापेक्षा जास्त खरे बोलते, कारण तिला आत कोणाला खूश करायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन करायचा होता, एवढेच.